लांब धाग्याचा कापूस

अंगदरावांच्या भाकरीत केस निघाला. पांढरा होता आणि कुत्र्याचा होता.

"आजपासून घरात एक जरी केस दिसला," त्यांच्या बायको दैवशालाबाई म्हणाल्या, "तर ढगोबाची रवानगी शहागडला, माझ्या भावाच्या ढाब्यावर. बसंल ट्रका राखीत!"

ढगोबा म्हणजे लेक अर्पिता नोकरीला जाताना ठेवून गेलेलं झिपरं, पांढरं कुत्रं. अख्ख्या जाफराबादेत असं झडणारं जनावर नव्हतं. एकदा झाडून कोपऱ्यात लावलेला केसांचा ढीग भुंकला, असं शेजारी आजही शपथेवर सांगतात.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "रोज विंचरा, झडणं आटोक्यात येईल." बैल विकल्यापासून खरारा खुंटीवर रिकामाच होता. अंगदराव रोज सकाळी कापसाच्या खोलीचं दार लावून ढगोबाला खरारा करू लागले. निघालेले केस टाकायचे कुठं? समोर आढ्यापर्यंत कापूस. पांढऱ्यात पांढरं!

दोन महिने घरात केस दिसला नाही. दिसला तो एकदाच, बायकोच्या फणीत. पांढराशुभ्र. बायको पिकायला लागली, असं समजून अंगदराव शहाण्या नवऱ्यासारखे गप्प बसले. काळ्या मेंदीची पुडी मात्र आणून खिशात ठेवली. ती द्यायला मुहूर्त सापडेना.

अशात व्यापारी आदिनाथशेठ कापूस बघायला आले. ढिगातली चिमूट घेऊन त्यांनी दोन्ही हातांच्या चिमटीत ताणली. ताणतच राहिले.

"अंगदराव, केवढा लांब धागा! बी कोणतं?"

दैवशालाबाई चहा घेऊन दारातच उभ्या. खरं बोलावं तर ढगोबा शहागडला.

"घरचंच हाये."

"खत?"

"दूध-भाकर."

"पाणी किती लागतं?"

"पाणी दिसलं की पळतं."

शेठचे डोळे विस्फारले. "आन् येचणी?"

"रोज सकाळी."

तेवढ्यात ढिगाचा एक कोपरा उठून उभा राहिला. आत झोपलेल्या ढगोबानं मनसोक्त अंग झाडलं. शेठच्या चहावर जाड साय धरली.

शेठनी चिमटीकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं. "हेच का बी?"

"हेच."

"मंग आधी हे समदं येचून काढा, अन् मला बोलवा."

शेठची जीप गेली. अंगदरावांनी मान खाली घातली. "धाड त्याला शहागडला. केस मीच टाकले ढिगात."

"तुम्ही एकट्यानं? काय बोलून राह्यले!" दैवशालाबाईंनी कमरेची फणी काढली. "खराऱ्यानं पोटाखालचे केस निघत्यात व्हय? दुपारी मी इंचरते, अन् हितंच कोंबते. एक जरी दिसला असता, तर लेकराला धाडावं लागलं असतं. बोलून बसल्ते ना मी!"

अंगदराव त्या फणीकडं बघत राहिले. मग खिशातली पुडी हळूच काढून त्यांनी कापसात खोल ढकलली.