पाहुण्यांसाठी आवरलेलं रान

पहिल्या शाळेची बस दहा वाजता यायची होती, आणि सकाळी सातला नीलमच्या लक्षात आलं की आपलं रान कोणीतरी झाडून काढलंय.

रान म्हणजे काही मेळघाट नव्हे. शेंदूरजनाघाटजवळ श्यामच्या संत्र्याच्या बगिच्यामागे नाल्याकाठची दीड एकर पडीक जमीन. श्याम, ललित आणि नीलम या अमरावतीच्या कॉलेजातल्या तीन दोस्तांनी तिची 'रानशाळा' केली होती. शहरातल्या मुलांना इथं आणायचं, मातीत बसवायचं, किडामुंगी दाखवायची आणि झुणका-भाकर खाऊ घालून परत पाठवायचं. श्यामकडे जमीन होती, ललितकडे तोंड होतं आणि नीलमकडे सहा वर्षं शिकवण्याचा अनुभव. यातलं महत्त्वाचं काय, याबद्दल नीलमला तरी काडीची शंका नव्हती.

महिनाभर खपून तिने नाल्याकाठी एकवीस जागा हेरल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे स्वतःच्या हातांनी रंगवलेली पाटी रोवली होती. पाट्या जागच्या जागी होत्या. 'क्रमांक एक : कोळ्याचे जाळे. कृपया हात लावू नये' या पाटीमागे नुसती स्वच्छ हवा होती. 'मुंग्यांचा रस्ता' ज्या बाभळीवरून जायचा ती कमरेपर्यंत निळी झाली होती. कडुनिंब निळा, पळस निळा. तरोटा, आघाडा, गोखरू असलं सगळं तण मुळासकट गायब. शेणकिड्यांसाठी जपून ठेवलेलं शेण उचलून तिथं सडा घातला होता आणि वर रांगोळीत 'सुस्वागतम्' लिहिलं होतं.

"श्याम!"

श्याम धावत आला, त्याने एकदा इकडून तिकडे पाहिलं आणि निळ्या खोडाला बोट लावलं. "बाबांनी केलं," एवढंच तो म्हणाला.

त्याचे वडील पुंजारामजी मागून आलेच. हात कोपरापर्यंत निळे आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"कसं झालं, पोरी? काल सहा बाया लावल्या. दिवस बुडेपर्यंत एक काडी ठेवली नाही."

"पण काकाजी, बाभळीला बोर्डो?"

बोर्डो म्हणजे चुना आणि मोरचुदाचा निळा लेप. बुरशी लागू नये म्हणून तो संत्र्याच्या खोडाला लावतात. बाभळीला आजवर कोणी लावला नव्हता.

"मंग? बगिच्यातले झाडं सजूनधजून उभे, अन् हे उघडेच राह्यतीन काय? पाहुणे येऊन रायले ना!"

नीलम रागावायला गेली आणि तिला रागावताच येईना. माणसाने मनापासून केलेली चूक फार वाईट. तिच्यावर धड ओरडताही येत नाही.

पण आज चूक परवडणारी नव्हती. नीलमच्या जुन्या शाळेने तिची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. "पहिली शाळा परत येतो म्हणाली तर तुझं खरं. नाही म्हणाली तर सोमवारी मुकाट्याने रुजू व्हायचं," असं वडिलांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आणि आज येत होत्या त्या इंगोले मॅडम. सहलीत मुलं काय शिकली याच्या नोंदी करणाऱ्या त्या जिल्ह्यातल्या बहुधा एकट्याच मुख्याध्यापिका असाव्यात.

"घाबरायचं नाही. तीन तास आहेत," नीलम म्हणाली. "तण तरी परत आणू. कुणाच्याही धुऱ्याबांधावर मिळेल."

"ते माझ्याकडे सोड," म्हणत ललित गाडीवर बसला. ललित अकोल्याचा, तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. वावरातल्या तणाला इथं 'कचरा' म्हणतात, हा शोध त्याला गेल्याच आठवड्यात लागला होता आणि तो शब्द कधी वापरीन असं त्याला झालं होतं. त्याने थेट ग्रामपंचायत गाठली आणि भोंग्यावरून गावाला हाक दिली, "पुंजारामजींच्या पडिकात कचरा पाहिजे! ज्याच्याकडे जेवढा असंन तेवढा नवाच्या आत आणून टाका!"

वावरात उभं राहून हे कोणी ऐकलं असतं तर ठीक होतं. पण गाव घरात होतं, दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली होती, आणि कचऱ्याची गाडी महिनाभर फिरकली नव्हती.

साडेआठला पहिली हातगाडी आली. तिच्यात फुटक्या बादल्या, थर्माकोलचं मखर आणि जोड हरवलेल्या चपला. मग गोण्या आल्या. मग एकजण चक्क ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने ट्रॉली 'सुस्वागतम्'वर उलटी केली. केशरबाई कापूस निघालेली गादी डोक्यावर घेऊन आल्या आणि वर विचारत्या झाल्या, "पलंगबी घेता काय, बाप्पा?"

"तू नेमकं काय सांगितलंस?" नीलमने ललितला विचारलं.

"तुमच्याच भाषेत बोललो!"

"बह्याडा, तुले बोलाले कोणी सांगतलं होतं!" श्याम कपाळावर हात मारत म्हणाला.

एवढ्यात पुंजारामजी ढिगाजवळ उकिडवे बसलेले दिसले. हातात काडेपेटी. "पाच मिन्टात साफ करतो," ते म्हणाले. नीलमने धावत जाऊन काडेपेटी हिसकावली, आणि तेवढ्यात मागे बसचा हॉर्न वाजला. बस वीस मिनिटं लवकर आली होती.

बेचाळीस मुलं उतरली. शेवटी इंगोले मॅडम, हातात वही. त्यांनी निळी झाडं पाहिली, पाट्या वाचल्या, ढीग पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा ढीग पाहिला.

"हे काय आहे?"

ज्याच्याकडे तोंड होतं तो ललित गादीआड सरकला. नीलम मात्र सहा वर्षांत एक गोष्ट पक्की शिकली होती. वर्गासमोर घाबरलेलं दिसायचं नाही.

"पुरावा," ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. "मुलांनो, काल इथं एकवीस गोष्टी होत्या. रात्रीतून सगळ्या चोरीला गेल्या. काय गेलं ते पाटीवर आहे. कोणी नेलं आणि काय उरलं, ते तुम्ही शोधायचं."

मग बेचाळीस पोलीस नाल्याकाठी उधळले.

"मॅडम, मुंग्यांनी निळं सोडून झाडामागून नवीन रस्ता केला!"

"मॅडम, कोळी पाटीच्या मागं लपलाय! नवीन जाळं विणतोय!"

"गादीखाली गोम! दोन गोमी!"

आणि मग एका मुलीने शांतपणे विचारलं, "त्या आजोबांचे हात निळे कसे?"

पुंजारामजींना पळायलाही वेळ मिळाला नाही. बेचाळीस जणांनी त्यांना घेरलं.

"वारूळ तुम्ही मोडलं?"

"हो बाप्पा, मोडलं. वावरात बियाणं नेत होत्या ना मुंग्या! पण तीन बिळं होते. एकच सापडलं मले, दोन अजून हायेत."

"शेण काहून उचललं?" अमरावतीची पुस्तकी बोलणारी मुलं तासाभरात वऱ्हाडीवर आली होती.

"सारवाले! पण खालचे किडे मेले नाही हं, खोल गेले. इथंच उकरून दाखवतो, चला."

दीड तास ते कबुली देत होते. कोणतं तण कुठं होतं, ते उपटताना किती जोर लागतो, त्यात कोण राहतं, सगळं. जो माणूस चाळीस वर्षं या साऱ्यांशी भांडला, त्याच्याइतकी त्यांची ओळख कोणाला असणार? नीलमने तिचे टिपणाचे कागद घडी करून पर्समध्ये टाकले. तिला जरा वाईट वाटलं, पण हसूही आलं.

जाताना इंगोले मॅडमनी वही मिटली. "मी खूप सहली पाहिल्या. एवढी विचार करून केलेली मांडणी पाहिली नाही. आमच्या अजून पाच तुकड्या आहेत, दर शनिवारी एक. कार्यक्रम हाच ठेवा." आणि पुंजारामजींकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चोरही हेच हवेत."

बस वळणाआड जायच्या आत नीलमने वडिलांना फोन लावला. "बाबा, सोमवारचं रद्द," असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की ललितने गाडी सुरू करून भोंग्याकडे जायचा विचार सोडून दिला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पाहुण्यांच्या तयारीला पुंजारामजींची बायको मनकर्णाबाई खराटा घेऊन नाल्याकडे निघाली, तसे ते ओट्यावरून अनवाणीच धावले आणि तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"हात नको लावजो त्या जाळ्याले!" ते ओरडले. "मले चोरून न्यायचं हाय ते, संध्याकाळी!"