पुरवठादाराची व्याख्या

नगरपालिकेच्या वीजपुरवठ्याचे नियम लिहायचं काम विधी विभागाच्या हेडक्लार्कांकडे आलं, तेव्हा नुसत्या व्याख्यांवर त्यांनी तीन आठवडे घालवले. 'पुरवठादार' या शब्दापाशी घोडं अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'जी व्यक्ती आपल्या जागेतून दुसऱ्याच्या जागेत वीज देते, ती पुरवठादार.' सभेत हे एकमताने मंजूर झालं, कारण कोणी वाचलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात हेडक्लार्कांच्या शेजारच्या घरातली वीज गेली. तिथल्या काकांचं श्वासाचं यंत्र विजेवर चालायचं. काकू धावत आल्या. हेडक्लार्क ऑफिसात होते. त्यांच्या बायकोने लांब वायर काढली, या खिडकीतून त्या खिडकीत टाकली आणि यंत्र सुरू केलं.

दुपारी वीज निरीक्षक आले.

"वहिनी, ही वायर काढावी लागेल. वीज द्यायचा अधिकार फक्त पुरवठादाराला."

"आणि काकांचं काय? पुरवठादार म्हणजे कोण?"

निरीक्षकांनी खिशातून नियम काढून मोठ्याने वाचला. मग पुन्हा मनात वाचला.

"म्हणजे मीच की," ती म्हणाली.

"तसंच दिसतंय," निरीक्षकांचा चेहरा उतरला. "पण मग दारावर पाटी हवी, तक्रारवही हवी, दहा ते पाच कोणीतरी हजर हवं. आणि एकदा सुरू केलेला पुरवठा मनात आलं म्हणून बंद करता येत नाही."

"मी घरीच असते. लावा पाटी."

दोन दिवसांनी हेडक्लार्क जेवायला घरी आले, तर जिन्यावर विजेच्या तक्रारी घेऊन सातजण उभे.

"रांगेत या," एकजण म्हणाला.

"अहो, घर माझं आहे."

"असेल. आम्ही सकाळपासून उभे आहोत."

आत बायको वायरमनशी फोनवर बोलत होती. "आज जमणार नसेल तर तसं सांगा दादा, मी त्यांना तेच सांगते." वायरमनशी असं आजवर कोणी बोललं नव्हतं. तो तासाभरात दुरुस्तीला गेला.

जेवण तसंच टाकून हेडक्लार्क मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. "साहेब, व्याख्येत दुरुस्ती करायला हवी. 'परवानाधारक' एवढा एक शब्द घातला की झालं."

"आपल्या ऑफिसातल्या तक्रार खिडकीवर काल-आज किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही."

"मग कशाला हात लावता?"

एवढ्यात पंखा थांबला. दिवे गेले. मुख्याधिकाऱ्यांनी वर पाहिलं, मग हेडक्लार्कांकडे पाहिलं.

"जा, नोंदवून या."

घरी पोचले तेव्हा पुढे चौघे होते. नंबर आल्यावर बायकोने वहीतून मान वर न करता विचारलं, "ग्राहकाचं नाव?"

"अगं, नगरपालिका."

"अर्ज आणलाय?"

"कसला अर्ज? मी सांगतोय ना."

"कार्यालयांची तक्रार तोंडी चालत नाही. लेखी, दोन प्रतींत. कलम अकरा, तुम्हीच लिहिलंय."

हेडक्लार्क पायरीवर बसले. मागच्या माणसाने आपलं पेन पुढे केलं.