पळसपानाला किती काजवे?

एका जंगलात गोदाक्का नावाची साळिंदर राहत होती. साळिंदर ठाऊक आहे ना, बाळांनो? अंगभर काटे असतात ती. कुणी पाहिलेली नाही? काय दाखवतात हो तुम्हाला त्या पडद्यावर दिवसभर! असू दे. हातातलं खाली ठेवा आणि ऐका.

गोदाक्काची लेक शेवंता पलीकडच्या रानात दिली होती. पूर्वी गोदाक्का मनात आलं की उठायची, लेकीकडे जायची, कंदमुळं खायची, जावयाला चार शब्द सुनवायची आणि समाधानानं परत यायची. मग दोन रानांच्या मधून माणसांनी चौपदरी रस्ता काढला. त्या रस्त्यावर पाय ठेवलेला प्राणी पलीकडे पोचत नाही, हे पिल्लांनासुद्धा पाठ झालं. लेकीचं माहेरपण, देणं-घेणं सगळं बंद पडलं.

आणि नेमकी अशात शेवंता बाळंत झाली.

निरोप घेऊन आला काळूदा कावळा. त्याला रस्त्याचं काय भय? तो वरून येणारा.

"अक्का, तोंड गोड कर! नात झाली तुला!"

गोदाक्काला इतका आनंद झाला की तिचे सगळे काटे फुलले. काळूदा दोन फांद्या वर जाऊन बसला.

आता साळिंदरांची एक रीत आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात. थोड्याच दिवसांत ते कडक होतात. मऊ आहेत तोवर आईच्या आईनं ते आपल्या डोळ्यांनी बघायचे आणि बघून जे सुचेल ते नाव ठेवायचं. शेवंताचे काटे शेवंतीच्या पाकळ्यांसारखे दिसले, म्हणून ती शेवंता. काटे एकदा कडक झाले की नाव ठेवता येत नाही. मग त्या पिल्लाला जन्मभर नुसतं 'ए' म्हणायचं. गोदाक्काच्या एका चुलत्याचं असंच झालं होतं. बिचारा म्हातारा होऊन गेला, पण शेवटपर्यंत 'ए'च राहिला. तेराव्याला पान कुणाच्या नावानं वाढायचं, यावरून भाऊबंदांत मारामारी झाली.

"मी कशी जाऊ रे आता?" गोदाक्का रडकुंडीला आली. "काळूदा, तूच सांग. कशी दिसते पोर?"

"काळी दिसते."

"मेल्या, तुला सगळं जग काळंच दिसतं!"

"मग टॅब घे की," काळूदा म्हणाला. "तो नवा आलाय ना, पळसपान. तुझ्या जावयाकडं आहेच एक. तू इकडं समोर धर, शेवंता तिकडं धरेल. तोंड दिसतं, काटे दिसतात. बघ, नाव ठेव, झालं."

पळसपान हा स्वस्तातला टॅब होता. पळसाच्या पानाएवढा. भिवाशेठ तरसानं नुकताच तो दुकानात आणला होता. तरसाचं तोंड जन्मजात हसरं, त्यामुळे दुकानदारी त्याला जड गेली नाही. किंमत म्हणाल तर दोन टोपल्या मोहाची फुलं. तेवढी फुलं गोदाक्काच्या बिळात सुकवून ठेवलेली होती. म्हणजे उठायचं, टोपल्या द्यायच्या, टॅब घ्यायचा आणि नात बघायची. एवढं केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

पण गोदाक्का शहाणी होती. घात झाला तो तिथंच.

"चार जणांना विचारल्याशिवाय मी केरसुणीसुद्धा घेत नाही," ती म्हणाली. "बघते. विचारते. मग घेते."

"अगं, लग्न लावायचंय का त्या टॅबशी?" काळूदा ओरडला. पण गोदाक्का वडाच्या वाटेला लागली होती.

त्या जंगलात मत द्यायची जागा वडाखाली होती. नवी वस्तू आली की संध्याकाळी सगळे तिथं जमायचे. ज्याला जे वाटेल ते त्यानं सांगायचं आणि आपल्या मतापुढं काजवे बसवायचे. फार आवडलं तर पाच. अजिबात नाही आवडलं तर एक. वस्तू विकत घेतलेली असलीच पाहिजे, असा नियम नव्हता. पाहिलेली असलीच पाहिजे, असाही नव्हता. खारूताई सगळ्यांची सरासरी काढायची. काजवे बिचारे उडून उडून दमायचे.

गोदाक्का कडेला बसली. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, पण ते नेहमीचंच होतं.

हत्ती म्हणाला, "पाय ठेवून बघितला. फुटला. एक काजवा."

वटवाघूळ म्हणालं, "चित्रं उलटी दिसतात. तक्रार केली तर भिवाशेठ म्हणतो, तुम्ही सरळ व्हा. ही काय बोलायची रीत झाली? एक काजवा."

कासव म्हणालं, "फार वेगवान आहे. गरगरतं. कंपनीनं जरा दमानं घ्यावं. तीन काजवे."

ससा म्हणाला, "सुरू व्हायला इतका वेळ लागतो की मधे माझ्या दोन डुलक्या होतात. दोन काजवे."

मोर म्हणाला, "फोटोत पिसारा मावत नाही. मग उपयोग काय? दोन."

उंदीर म्हणाला, "टॅब घेतला नाही. पण त्याचा रिकामा खोका मिळाला. काय खोका आहे, वा! आठ पिल्लं आरामात झोपतात. पाच काजवे!"

सरडा म्हणाला, "माझंही हेच म्हणणं आहे." कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

गोदाक्कानं हळूच विचारलं, "अहो, पण यात माझी नात दिसेल का?"

सगळे थांबले. मग हत्ती म्हणाला, "नातीचं माहीत नाही, पण पायाखाली टिकत नाही बघा." मोर म्हणाला, "नातीला पिसारा आहे का?" आणि पुन्हा कलकलाट सुरू झाला.

शेवटी ढोलीतून घुबडगुरुजी खाकरले. घुबडगुरुजींच्या मताला जंगलात फार वजन. त्यांनी पळसपान कधी हातात धरलं नव्हतं. हातात धरलं की मत बिघडतं, असं ते म्हणत.

"या किमतीत वस्तू उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "पण या किमतीत मुळात काही घेऊच नये."

"वा!" सगळे म्हणाले.

"आणि चार काजव्यांच्या खालची वस्तू घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. थांबावं. थांबणाऱ्याचं कधी नुकसान होत नाही."

गोदाक्कानं हे पदराला गाठ मारून ठेवलं. चार काजवे झाले की घ्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं. त्या दिवशी सरासरी भरली सव्वादोन.

दुसऱ्या दिवशी काळूदा आला. "काटे अजून मऊ आहेत गं. घेतलास का?"

"सव्वादोनच आहेत रे."

"काय सव्वादोन?"

"तुला नाही कळायचं."

पाणी प्यायला गोदाक्का तळ्यावर गेली, तर काठावर टिटवी पळसपान समोर ठेवून गप्पा मारत बसलेली. तिची बहीण पार लांबच्या माळावर अंडी घालायला गेली होती. ती पडद्यावर दिसत होती. अंडीही दिसत होती.

"अगं बाई, अंड्यांवरचे ठिपकेसुद्धा दिसतात!" गोदाक्का म्हणाली.

"दिसतात की. ये, नीट बघ," टिटवीनं जागा दिली.

गोदाक्कानं नीट बघितलं. ठिपके दिसतात म्हणजे काटे दिसणारच! असंच उठावं आणि भिवाशेठचं दुकान गाठावं, असं तिला वाटलं. जाता जाता तिनं सहज विचारलं, "मग तू किती काजवे दिलेस याला?"

"कसले काजवे?"

"वडाखाली. मत नाही दिलंस?"

"बहिणीशी बोलायचं सोडून वडाखाली कोण मरायला जाईल?"

गोदाक्काचा चेहरा उतरला. एकही काजवा नाही! डोळ्यांनी दिसलं ते खरं, पण डोळ्यांचं काय घेऊन बसलात? ज्या बाईला साधं मत नाही, तिच्या टॅबवर विश्वास कसा ठेवायचा? गोदाक्का दुकानाकडे न वळता वडाखाली आली.

हसू नका रे. तुमच्या घरी परवा मिक्सर घेताना काय झालं, ते मला तुमच्या आजीनं सांगितलंय.

तर गोदाक्का वडाखाली आली आणि त्या संध्याकाळी तिच्या हातून एक गोष्ट घडली. तिनं स्वतः मत दिलं.

"मी काही घेतलेला नाही," ती उभी राहून म्हणाली. "पण लांबच्या नातीला बघायला बरा असावा. अर्थात नसेलही. तीन काजवे."

तीन काजवे तिच्यापुढं येऊन बसले.

"किती समतोल!" मोर म्हणाला.

"अभ्यास दिसतो," घुबडगुरुजी म्हणाले.

सरडा म्हणाला, "माझंही हेच म्हणणं आहे." आणि या वेळी कुणाचं ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ससा तिच्या बिळापाशी आला. "अक्का, तुमचा सल्ला हवा होता. घेऊ का हो मी पळसपान?" बाळांनो, गोदाक्काला आयुष्यात आजवर सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, की जरा लांब बसा. आज पहिल्यांदा कुणीतरी जवळ येऊन काही विचारत होतं. तिला भरून आलं. त्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग तिनं टॅबच्या कव्हरवर मत दिलं. चार्जरवर दिलं. भिवाशेठच्या हसण्यावर दिलं. उंदराच्या खोक्यावरसुद्धा दिलं. संध्याकाळ झाली की लोक तिची वाट बघायचे. पाच जणांनी तर तिच्या शेजारी बसायची हिंमत केली, त्यातल्या दोघांना टोचलं, पण ते काही बोलले नाहीत.

काळूदा धापा टाकत आला. "अक्का, शेंडे घट्ट व्हायला लागले! आज घे बाई!"

"आलेच. मोराला एवढं उत्तर देते. काहीच्या बाही बोललाय पडद्याच्या चकाकीबद्दल."

"आग लाव त्या मोराला! पोर नावावाचून राहील!"

"तू फार एकांगी बोलतोस, काळूदा."

काळूदाला राग आला. पण भला कावळा तो. पलीकडे गेला आणि पुन्हा परत आला. या वेळी तो ओरडला नाही. फांदीवर बसून खालच्या आवाजात म्हणाला, "शेवंतानं सांगितलंय, आईला म्हणावं, मी पडदा सुरू ठेवून बसलेय. लेकीला पोटाशी धरलंय. आडवी होत नाही, तिचे काटे दबतील म्हणून. तेवढं बघून जा म्हणावं."

गोदाक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं दोन्ही टोपल्या पाठीवर घेतल्या आणि धावतच सुटली. खरंच धावली हो. दुकान समोर दिसत होतं. पण दुकानाची वाट वडाखालून जात होती.

"अक्का, कुठं निघालात?" खारूताईनं हाक मारली. "पावणेचार झालेत! एवढ्यात चार होतील. आणि चार झाले की भिवाशेठ प्रत्येकाला कव्हर फुकट देणार आहे."

गोदाक्का थबकली. "फुकट?"

"आत्ता घेणाऱ्याला नाही. चार झाल्यावर घेणाऱ्याला."

गोदाक्कानं टोपल्या खाली ठेवल्या. म्हणाली, "एवढी थांबले, आता थोडक्यासाठी कशाला?"

थोडक्यासाठी ती बसली ती बसलीच. पावणेचारावरून सरासरी पुढं सरकेना. एकानं वाढवावी आणि दुसऱ्यानं उतरवावी. अखेर भिवाशेठनं हत्तीकडं उसाची मोळी पाठवली. ऊस खाता खाता हत्तीच्या लक्षात आलं की दोष टॅबचा नव्हता, पायाचा होता. त्यानं एकाचे पाच केले. सरासरी चार झाली आणि वडाखाली टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात गोदाक्कानं वाजवल्या.

तिनं पळसपान घेतलं. कव्हर फुकट मिळालं. निळं होतं. बिळात येऊन तिनं टॅब समोर धरला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. चित्र कसं लख्ख! आवाज कसा खणखणीत! काही म्हणजे काही खोट नव्हती.

पडद्यावर शेवंता दिसली. वाळली होती. डोळे खोल गेले होते.

"आई," ती म्हणाली.

"माझी बाय! कुठंय माझी नात? आण बघू समोर! किती वाट बघितली मी!"

शेवंतानं मान वळवली आणि हाक मारली, "ए. इकडं ये."

गोदाक्कानं टॅब आणखी जवळ ओढला.

काट्यांचा खडखडाट करत एक पोर पडद्यापुढं आली. चांगली धट्टीकट्टी होती. काटे टोकदार, चकचकीत, कडक. गोदाक्कानं पडद्यावर पंजा ठेवला आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "चुकलं गं बाई माझं, चुकलं," एवढंच ती म्हणत राहिली.

पोरीनं तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"आई, ही कोण?"

"तुझी आजी."

पोर जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आजी बरी आहे. पण उशिरा पोचली. दोन काजवे."

तात्पर्य: बाळांनो, कुठलीही वस्तू घेण्याआधी चार जणांचं मत जरूर घ्यावं आणि घाई मुळीच करू नये. नातवंडं काय, होत राहतात. फुकट कव्हर रोज मिळत नाही.