शिंप्याचा दुहेरी टिपेचा बांध

नदीनं धोक्याची खूण ओलांडली तशी शिंप्याच्या बायकोनं ट्रंक भरायला घेतली. "चला टेकडीवर, माझ्या दादाकडे. कायमचं. दर वर्षी हा जीव टांगणीला लावणं आता पुरे झालं."

शिंप्याचा जीव मात्र या घरात आणि पुढच्या खोलीतल्या मशीनमध्ये अडकलेला. शिवाय मेव्हण्याकडे राहायचं म्हणजे उठता-बसता त्याचे सल्ले ऐकायचे. तो म्हणाला, "एक थेंब जरी उंबरा ओलांडून आत आला, तर मी स्वतः ही ट्रंक उचलीन. मग तर झालं?"

आणि त्यानं कंबर कसली. जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवल्या, मेणकापडाचं अस्तर लावलं, दुहेरी टीप मारली आणि वाळू भरून दोन्ही दारांना आतून छातीएवढा बांध घातला.

"पिंप तरी भरा, नळ जाणार म्हणतात," बायको म्हणाली. त्यानं नळ उघडला, पण तो आधीच गेला होता. तो तसाच ठेवून स्वारी बायकोला घेऊन गच्चीवर गेली, नदीची फजिती बघायला.

नदी अंगणात आली, घुटमळली आणि दुपारी मागे फिरली.

"बघितलंस? याला म्हणतात शिलाई!"

दोघं खाली उतरली, तर शेवटच्या पायरीवर पाय गुडघ्यापर्यंत बुडाला. नळ परत आला होता आणि अगदी मनापासून वाहत होता. गिऱ्हाइकाची पँट खोलीभर तरंगत फिरत होती.

"अहो, हा कुठला पूर?"

"हा... आपलाच आहे. बाहेरचा नाही."

नळ बंद करून शिंपी पिशव्या ओढू लागला. भिजलेली वाळू जागची हलेना. टीप उसवायला गेला, तर टीप त्याचीच, उसवेना. शेवटी खिडकीतून बादलीनं पाणी उपसणं आलं.

"पूर ओसरला की हो," शेजारीण बाहेरून म्हणाली, "तुम्ही कुठून आणताय?"

शिंप्यानं मशीनकडे पाहिलं आणि बादली टाकून दिली. "हरलो बाई. चल दादाकडे."

तेवढ्यात दादाच खिडकीशी उभा. डोक्यावर गादी, कमरेपर्यंत चिखल. "अगं, टेकडी घसरली! आम्ही सगळे धडधाकट आहोत, पण स्वयंपाकघरात ढिगारा आहे. नदी तुमच्या दारातून परत गेली म्हणे. तुमच्याकडेच राहावं म्हणतो."

'दुरून डोंगर साजरे' हे शिंप्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण स्वतः गुडघाभर पाण्यात उभा असल्यामुळे त्यानं ते गिळलं.

बायकोनं ट्रंक पुन्हा माळ्यावर सरकवली. "राहा की रे. फक्त खिडकीतून ये, आणि पँट जरा वर दुमड."