मागल्या दरवाजाच्या मोहिमेची हकिकत

देवास स्मरोन, हातपाय धुवोन, पदर सावरोन ही हकिकत लिहिली असे. घडले तेच लिहिले. पदरचे घातले असल्यास देवाने कान धरावा.

ऐसियास, ग्रंथपाल म्हणोन एक बहुत भिडस्त गृहस्थ, तीस वर्षे वाचनालयाची शांतता राखोन होते. तयांचे गुदाशयी, अगदी तळघराशी, कर्करोग नामे गनीम ठाणे देऊन बसला. गनीम सुपारीएवढा, परंतु जागा ऐसी की चारचौघांत नाव घेता न ये. मग वैद्यकुलमुकुट थोरले सर्जन आणि तयांच्या शिष्या, दुर्बीणबहाद्दर धाकट्या सर्जनबाई, यांची मसलत बसली. पोटास चार भोके पाडोन दुर्बिणीने गनीम कापावा आणि आतडे पुन्हा सांधावे, येथवर एकमत जाहले. परंतु कापिला गनीम कोणत्या वाटेने काढावा, येथे ठिणगी पडली. थोरल्यांचा हुकूम की, पोटावर चार बोटे चीर देऊन पुढल्या दरवाजाने काढावा, ती वाट वहिवाटीची. धाकट्यांचा अर्ज की, थैलीत बांधोन मागल्या दरवाजाने, देवाने दिल्या वाटेने काढावा. जखम लहान, दुखणे कमी.

"अगं, वाटेत थैली फाटली म्हणजे?"

"सर, तुमचा चष्मा फुटेल, थैली नाही फाटायची."

मग गनिमाचे माप घेतले, दरवाजात मावतो ऐसे ठरले आणि थोरल्यांनी शर्त घातली की, सांधा गळाला तर पोट पुन्हा उघडोन तयावर मळाची पिशवी लावणे येईल, आणि मग मागल्या दरवाजाचे नाव काढू नये.

नेमल्या दिवशी पोटात वायू भरोन तंबू उभारिला, आणि चहूकडोन हत्यारे शिरली, आणि गनीम तुटला, आणि थैलीत बसोन मागल्या दरवाजाने मुकाट बाहेर आला. मग सांधा पाण्याखाली धरोन आत हवा फुंकिली. बुडबुडा एक नाही. आता आतडे चालते जाहल्याची एकच ग्वाही बाकी राहिली, ती की रुग्णास वारा सुटावा.

दोन दिवस अवघा दवाखाना कान देऊन होता. तिसरे दिवशी पहाटे सहास वारा सुटला! परंतु ग्रंथपाल लाजेने लाल जाहले आणि बाकीचा कोंडोन धरिला. तेणे पोटाचा नगारा जाहला. दहास उभय सर्जन आले आणि पुसते जाहले. ग्रंथपाल म्हणाले, "अजून नाही." थोरल्यांनी नगारा वाजवोन पाहिला आणि हुकूम सोडिला की, सांध्याचा भरवसा नाही, आजच पोट उघडावे, पिशवी लावावी. धाकट्यांचा चेहरा उतरला. संमतीचा कागद आला. ग्रंथपालांनी लेखणी उचलिली, परंतु खरे सांगावयास जीभ वळेना.

उशाशी तयांचे कुटुंब, बाईसाहेब, बसलेल्या. तयांस दुपारी बारापर्यंत मौनाचा नेम. वीस वर्षांत मोडला नव्हता. घरात चोर शिरला तेव्हाही ताटच वाजविले होते. बाईसाहेबांनी घड्याळ पाहिले, कागद पाहिला, देवास हात जोडिले आणि तोंड उघडिले.

"अहो, सुटला की! सहाला सुटला! मी जागी होते!"

"अगं, हळू..."

"तीस वर्षं हळूच चाललंय तुमचं! पोट फाडून घ्याल, पण कबूल नाही करायचं!"

"वहिनी, मोठा होता का?" थोरल्यांनी गंभीरपणे विचारिले.

शेजारल्या खाटेवरचे आजोबा बोलिले, "मला वाटलं, कुणी कपाट सरकवलं."

थोरल्यांनी पोटास कानाची नळी लाविली. आत गुडगुड चालली होती. मग कागद फाडिला, आणि मागला दरवाजा धाकट्यांचे हवाली केला, आणि रुग्णास अर्धा कप चहा मंजूर जाहला. बाईसाहेबांनी प्रायश्चित्त म्हणोन दुसरे दिवशी सूर्यास्तापर्यंत मौन धरिले.

दुसरे दिवशी सर्जन आले आणि कालच्या अनुभवाने बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेब गप्प. तेव्हा ग्रंथपाल उशीवर ताठ बसले आणि वाचनालयात कधी न ऐकिल्या आवाजात स्वमुखे वदले, "दोनदा!"

येणेप्रमाणे सांधा शाबूत, गनीम बाटलीत बंद, फत्ते जाहली. आजोबा साक्ष.