दोन जावई आणि मागचे पाटे

ट्रकचे मागचे पाटे खोलून पुन्हा बसवणं म्हणजे काय हो! चार बोल्ट ढिले करायचे, चार आवळायचे. ज्याला घरातला डगमगता पलंग सरळ करता येतो, त्याला ट्रक काय जड आहे? असं मी सासऱ्यांसमोर बोललो आणि स्वतःवरच इतका खूश झालो की आमचा पलंग अजून डगमगतोय, हेही विसरलो!

सासऱ्यांचा ट्रक त्यांच्या दोन्ही मुलींपेक्षा वयाने मोठा. लांब नाक, गोल दिवे, आणि लाडही मुलींपेक्षा जास्त. रविवारी गावातून जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती आणि ट्रकचं बूड पार बसलेलं! मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत असते, तेच पाटे. मागचा सगळा भार त्यांच्यावर. ते बिचारे दमून सपाट झाले होते, एकदोन तर मोडलेच होते.

"मी करतो बाबा," मी म्हणालो.

"मीही करतो बाबा," मागून आवाज आला.

हे आमचे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. या माणसाचं मला काहीही सलत नाही. फक्त त्यांचे केस अजून काळे आहेत, हत्यारांची पेटी लालचुटूक आहे, आणि सासूबाई त्यांना "चहा टाकू ना?" म्हणतात. मला म्हणतात, "तुमचा झाला असेल." एवढंच!

सासऱ्यांनी निवाडा केला. "डावी बाजू तुम्ही, उजवी हे. ज्याचं काम सरस, तो रविवारी स्टिअरिंगवर. मी शेजारी बसणार."

झालं! जॅक लावून ट्रकचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर टेकवला. डावीकडून मी खाली शिरलो, उजवीकडून साडू, मध्ये एक्सल. गंज असा की नट बोल्टला सोडायलाच तयार नाही! मी अर्धा तास एकाच नटाशी झटत होतो. पलीकडून साडूंचा आवाज, "निघाला! दुसराही निघाला!" प्रत्येक वेळी मी माझ्या नटावर आणखी एक हातोडा घालायचो.

बायको वाकून बघायला आली. "अहो, तुम्ही बाबांचं काम करायला आलात की साडूंवर पाळत ठेवायला?"

"दोन्ही जमतं मला!"

पाटे घेऊन आम्ही पाटेवाल्याकडे गेलो. त्याने जुन्यांना बाक दिला, मोडलेले बदलले आणि बजावलं, "सात होते, सातच घाला. रिकामी गाडी फिरवायचीय, दगड नाही वाहायचेत."

मी सातच घालणार होतो हो! पण दुपारी साडू पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड, चोरून आणताना दिसले. आठवा पाटा! दुसरं काय असणार? मी तडक जाऊन एक जास्तीचा आणला.

थोड्या वेळाने एक्सलपलीकडून आवाज आला, "साडूभाऊ, तुमची चळत जाड दिसतेय."

"आडवं पडलं की सगळंच जाड दिसतं!"

साडू खालून सरपटत निघाले आणि फाटकाबाहेर पडले. न सांगता गेलेला साडू फार धोक्याचा! मी पुन्हा पाटेवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "तुमचे साडू आत्ताच दोन जास्तीचे घेऊन गेले."

"मग मलाही अजून दोन द्या! आणि ही थप्पी आवळायला लांब यू-बोल्टही द्या!"

शनिवारी सगळं घर अंगणात जमलं. घोड्या काढल्या, जॅक उतरवला. ट्रक उतरलाच नाही! बूड आभाळाकडे, नाक जमीन हुंगतंय, आणि त्यातही माझी बाजू वीतभर वर! सासऱ्यांनी शांतपणे एक चक्कर मारली.

"जावईबापू, हा असा एक पाय वर करून का उभा आहे? खांब दिसला की काय ह्याला?"

"ह्यांनी आठवा घातला म्हणून मी घातले!" साडू ओरडले.

"मी घातला, कारण तुम्ही पोत्यातून आणलात!"

"पोत्यात पहार होती! पाटे रेटून जागेवर बसवायला! तुम्ही मागाल म्हणून लपवली!"

सासरे म्हणाले, "दोघं चढा मागे. एवढ्या पाट्यांना भार नको का?"

ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर ट्रक उडाला आणि त्याच्याहून उंच आम्ही! खाली आलो तेव्हा मी साडूंच्या मांडीवर होतो आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यात. गॅलरीतल्या शेजारणीने कौतुकाने मान डोलावली, "किती जमतं यांचं!"

संध्याकाळी आम्ही मुकाट्याने जास्तीचे पाटे काढले. सासूबाईंनी साडूंनाही चहा विचारला नाही. त्या दिवसातलं माझं तेवढंच सुख.

रविवारी ट्रक पाळण्यासारखा चालला. स्टिअरिंगवर होती माझी बायको!

"हिला ट्रक येतो?"

"लग्नाआधीपासून," सासरे म्हणाले. "विचारलंत कधी?"

मी आणि साडू मागे, एकच दोरी धरून उभे. फेरी संपल्यावर सासऱ्यांचे एक जुने मित्र आले, वाकून पाट्यांवर थाप मारत म्हणाले, "छान बसलेत! पण काल म्हणे कुणीतरी पार वाट लावली होती?"

सासऱ्यांनी सरळ साडूंकडे बोट दाखवलं. "हे काय, ह्यांनी!"

साडूंनी मान खाली घातली. मला मात्र राहवेना. एवढ्या गर्दीत पुन्हा त्यांचंच नाव आधी?

मी पुढे सरसावलो. "बाबा, असं कसं म्हणता? त्यांचे नऊच होते. माझे दहा!"