सीटवर कोणी नाही

दसरा चार दिवसांवर आला आणि गवत कापायची गाडी त्या सकाळी सातव्यांदा बंद पडली, तेव्हा हेमचंद्र धुरंधर शांतपणे म्हणाले, "परब, प्रॉब्लेम मशीनमध्ये नाही, तुमच्यात आहे."

धुरंधर हे लोअर परळच्या त्या बेचाळीस मजली टॉवरचे चेअरमन आणि लवू परब तिथला माळी. टॉवर उभा होता गिरणीच्या जागेवर. पार्किंगच्या तीन मजल्यांच्या डोक्यावर माती पसरून हिरवळ केली होती, ती नेमकी जुन्या साचेखात्याच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या जागी. संपाआधी त्याच साचेखात्यात लवू वायरमन होता. संप झाला, गिरणी गेली, पंचवीस वर्षं मिळेल ते करून तो पुन्हा त्याच जागी आला, फक्त तीन मजले वर आणि हातात गवत कापायचं यंत्र घेऊन.

हिरवळ म्हणजे काय, दोन पंगती बसल्या तर तिसरीला उभं राहावं लागेल एवढी. लवू हाताने ढकलायच्या यंत्राने ती दोन तासांत कापून मोकळा व्हायचा. पण धुरंधर मुलीकडे अमेरिकेला गेले, तिथे व्याही गाडीवर बसून गवत कापताना पाहिले, आणि परत आल्यावर त्यांना आपला टॉवर भिकार वाटायला लागला. महिन्याभरात गाडी आली. लाल, चकचकीत, स्टिअरिंगवाली, पोटाखाली फिरतं पातं. ती वळवायलाच अर्धी हिरवळ लागे, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

"दसऱ्याला सगळे मेंबर्स खाली येणार. पूजा होणार, फोटो निघणार," धुरंधर म्हणाले. "त्या दिवशी मशीन चालली नाही तर एक तारखेपासून गार्डन एजन्सीकडे. पेपर्स रेडी आहेत."

लवूने चावी काढून खिशात टाकली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला या भागात आता कोण काम देणार? फार तर वॉचमनचं, आणि इथल्या गेटवरचं ते दत्तारामने आधीच धरलं होतं.

गाडीचं दुखणं मोठं विचित्र होतं. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायचं. लवू ब्रेक सोडायचा आणि ते धाप्पकन बंद पडायचं. पुन्हा चावी, पुन्हा ब्रेक, पुन्हा बंद. असं दहा-बारा वेळा झालं की बॅटरी मान टाकायची. मग लवू ती काढून दत्तारामच्या केबिनमध्ये चार्जरला लावायचा. सकाळी बॅटरी ताजीतवानी, दहा वाजता पुन्हा मेलेली.

कंपनीचा इंजिनियर आला. चांगला गरगरीत, गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर. त्याने आधी बॅटरीची टोकं पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"इथे हळदकुंकू कोणी लावलं?"

"बॉनेटवर लावलंय. नवं यंत्र आलं, पहिल्या दिवशी लावतातच," लवू म्हणाला. "टर्मिनलला हात नाय लावला. वायरमन होतो मी."

"होता," इंजिनियर म्हणाला, आणि टोकं घासून पुसली. मग अर्थची वायर तपासली, फ्यूज तपासला. शेवटी स्वतः सीटवर बसला, मीटर लवूच्या हातात दिला आणि गाडी हिरवळीवर तीन चकरा फिरवली. गाडी मांजरीसारखी गुरगुरत राहिली. मीटर चौदा व्होल्ट दाखवत होता, म्हणजे चार्जिंगही ठणठणीत.

"सगळं ओके आहे. तुमच्या माणसाला चालवता येत नाही," असं धुरंधरांना सांगून तो निघून गेला. तो लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच लवू सीटवर बसला, ब्रेक सोडला, आणि गाडी बंद.

धुरंधरांना आता सगळा उलगडा झाला. त्यांनी दत्तारामला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे मिलवाले ना, मशीन दिसली की यांना संप आठवतो. रक्तातच आहे."

दत्ताराम स्वतः त्याच गिरणीत बदली कामगार होता. त्याने गेटची वही उघडली आणि तिच्यात तोंड घातलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपार टळली तरी लवू जेवायला घरी गेला नाही. समोरच्या चाळीतून त्याची बायको मालन डबा घेऊन आली. येताना चक्कीवरून पीठ घेऊन आली होती, त्यामुळे एका हातात डबा, दुसऱ्या हातात बारा किलोची पिशवी.

"गे, तू हय कित्याक इलंस? साहेब बघतीत."

"बघूंदेत. जेवल्याशिवाय काय गाडी चलतली?" मालन म्हणाली. "ह्या धरा आधी, हात भरून इलो." आणि तिने पिठाची पिशवी लवूच्या मांडीवर आदळली.

लवूचा एक पाय तेव्हा चालू गाडीच्या ब्रेकवर होता. पिशवीच्या दणक्याने तो सुटला. गाडी पुढे सरकली, आणि सरकतच राहिली. लवू पिठाची पिशवी कवटाळून कुंपणापर्यंत गेला, वळला आणि परत आला.

"चलता मां? मगे बंद कित्याक पडा होती?" मालनने विचारलं.

लवूने पिशवी खाली ठेवली, गाडी बंद. मांडीवर घेतली, चालू. त्याने उतरून सीट उचलली. खाली स्प्रिंगवर बसवलेला खटका होता. माणूस बसला की खटका दाबला जातो. ब्रेक सुटलेला असताना माणूस पडला किंवा उठला की इंजिन आपोआप बंद, म्हणजे पात्याखाली कोणी सापडू नये. व्यवस्था चोख होती. फक्त लवूचं वजन चव्वेचाळीस किलो होतं आणि गाडी बनवणाऱ्यांनी एवढा माणूस धरलेलाच नव्हता. गाडीच्या मते सीटवर कोणी नव्हतं.

लवूला ते लागलं. मालकाने धरलं नाही, युनियनने धरलं नाही, गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत धरलं नाही, ते सगळं त्याने गिळलं होतं. आता गवत कापायची गाडीसुद्धा धरेना.

वायरचा तुकडा जोडून तो खटका कायमचा दाबून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण साचेखात्यात असे खटके बांधून ठेवणाऱ्यांची बोटं त्याने स्वतः कागदात गुंडाळून हॉस्पिटलात नेली होती. तो मालनला एवढंच म्हणाला, "पीठ उद्यापर्यंत हयच रव्हांदे."

दसऱ्याला सगळा टॉवर हिरवळीवर जमला. गाडीला झेंडूची माळ, स्टिअरिंगला आपट्याची पानं. धुरंधर रेशमी झब्ब्यात आले आणि त्यांची नजर लवूच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. पिशवी एका साडीच्या दुकानाची होती आणि तिच्यातून पीठ गळत होतं.

"हे काय? काढा. फोटोत दिसेल."

"साहेब, ती काढली तर गाडी बंद पडेल. सीटखाली—"

"परब, पिठावर चालणारी मशीन मी आणलेली नाही. काढा."

पिशवी काढली. ब्रेक सुटला. गाडी बंद पडली. धुरंधर म्हणाले, पुन्हा. आठ वेळा पुन्हा झालं. बॅटरीचा आवाज बारीक होत गेला, मेंबर्स मोबाईलमध्ये बघायला लागले, आणि धुरंधरांच्या कपाळावरचं गंध घामाने नाकावर उतरलं.

"मुद्दाम करताय तुम्ही. इथेही संप."

लवू गाडीवरून उतरला. पंचवीस वर्षांत त्याने आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"मग तुम्ही बसा, साहेब."

नाही म्हणायला जागा नव्हती. समोर बेचाळीस मजले उभे होते. धुरंधर चढले. सीट करकरली, खटका खोल गेला. इंजिन कसंबसं सुरू झालं, ब्रेक सुटला, आणि गाडी डौलात निघाली. टाळ्या पडल्या. एक चक्कर मारून धुरंधर उतरायला लागले, तोच लवू धावत बाजूला आला.

"उठू नका, साहेब. बॅटरी पार उतरलीय. आता बंद पडली तर परत चालू व्हायची नाय. अर्धा तास फिरवा, म्हणजे चार्ज होईल."

धुरंधर अर्धा तास फिरले. डोक्यावर ऊन, झब्ब्यावर गवताचा भुगा, गळ्यात कोणीतरी हौसेने घातलेली माळ. लवू मागे हात बांधून शेजारून चालत होता, साचेखात्यात कामगारांवर देखरेख करणारा जॉबर चालायचा तसा. "डावीकडची पट्टी राहिली, साहेब," तो मधूनच सांगायचा. धुरंधर डावीकडे वळायचे.

फोटो झकास आले. बायकामंडळींनी कौतुक केलं, व्याह्यांना अमेरिकेत पाठवले गेले, आणि ही मशीन आपल्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, असं धुरंधर लिफ्टमध्ये सांगू लागले. एजन्सीचे पेपर्स कपाटात गेले. दर रविवारी आठ वाजता चेअरमन गवत कापू लागले, आणि बॅटरी सांभाळायला, पट्ट्या दाखवायला लवू परब लागतोच, असं कमिटीत एकमताने ठरलं. सीटखालच्या खटक्याबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी धुरंधर साडेआठला धापा टाकत खाली आले. लवू बाकावर डबा खात बसला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"गेल्या रविवारी खाडा झाला तुमचा, साहेब. आणि आज लेट."

"सॉरी परब, घरी पाहुणे होते," धुरंधर म्हणाले आणि मुकाट्याने सीटवर जाऊन बसले.